समजून घ्या : गाडीवर ‘हायब्रिड’ लिहिलंय, पण मोटर नेमका किती जोर लावते?

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत मागे पडलं की थोड्या वेळात भांडगाव लागतं. दौंड तालुक्यातलं हे गाव पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. इथून रोज हडपसर, मगरपट्टा, खराडीकडे नोकरीला जाणारे आहेत, पर्यटक परवान्यावर सात सीटची गाडी चालवणारे आहेत आणि उसाचं बिल जमा झालं की घरात पहिली चारचाकी आणायचा विचार करणारेही आहेत. या सगळ्यांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक शब्द रुळलाय, तो म्हणजे ‘हायब्रिड’.

गाडीच्या मागच्या दारावर तसा बिल्ला असतो. मीटरवर बॅटरीचं छोटं चित्र उमटतं आणि तिच्याकडून चाकांकडे जाणारे बाण दिसतात. जुन्या गाडीच्या जाहिरातीतही हा शब्द ठळक लिहिलेला असतो. त्यामुळे घेणाऱ्याची समजूत अशी होते, की ही गाडी अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी विजेवर चालते, किंवा निदान गरज पडली की मोटर इंजिनाएवढाच जोर लावते.

प्रत्यक्षात भारतात ‘हायब्रिड’ म्हणून विकल्या गेलेल्या परवडणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक ‘माइल्ड हायब्रिड’ आहेत. या गाड्या एक मीटरभरही फक्त विजेवर चालत नाहीत. तरी त्यातली मोटर शोभेपुरती आहे असंही नाही. ती किती काम करते हे गणिताने काढता येतं, आणि ते गणित दहावीच्या विज्ञानापलीकडचं नाही.

मोटर बसवलेली असते तरी कुठे?

कोणत्याही पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला एक पट्टा फिरताना दिसतो. तो अल्टरनेटर फिरवतो आणि अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो. माइल्ड हायब्रिडमध्ये याच अल्टरनेटरच्या जागी ‘इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर’ म्हणजे आयएसजी बसवतात. हे यंत्र दोन्ही दिशांनी काम करतं. इंजिनाने फिरवलं की ते वीज बनवतं आणि बॅटरीतून वीज दिली की तेच मोटर होऊन पट्ट्यावाटे इंजिनाचा क्रँक फिरवतं.

म्हणजे मोटर चाकांना थेट जोडलेलीच नसते. तिचा जोर आधी पट्ट्यातून क्रँकला, मग इंजिनासोबत क्लच आणि गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जातो. इंजिन न फिरवता तिला गाडी हलवता येत नाही. चिखलात रुतलेली बैलगाडी काढताना मागून एकाने खांदा लावावा, तसं हे काम आहे. ओढायचं काम बैलांचंच.

मारुती सुझुकीने सप्टेंबर २०१५ मध्ये डिझेल सियाझमध्ये ‘एसएचव्हीएस’ नावाने ही व्यवस्था आणली आणि पुढच्याच महिन्यात ती एर्टिगात आली. त्याही आधी, २००८ मध्ये, महिंद्राने स्कॉर्पिओत ‘मायक्रो हायब्रिड’ दिली होती. पण तिचं मुख्य काम सिग्नलला इंजिन बंद-चालू करणं एवढंच होतं. इंजिनाला हातभार लावणारी मोटर सर्वसामान्यांच्या गाडीत पोहोचली ती एसएचव्हीएसपासून. २०१८ मध्ये पेट्रोल सियाझमध्येही ही व्यवस्था आली, तेव्हा तिच्यात नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीशिवाय लिथियम-आयनची दुसरी छोटी बॅटरी आली. नंतर एर्टिगा, एक्सएल६, ब्रेझा, ग्रँड विटारा अशा गाड्यांमध्ये हीच रचना गेली.

विहिरीवरच्या तीन एचपीएवढी

सुझुकीने जपानमध्ये विकलेल्या स्विफ्ट, सोलिओसारख्या १२ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड गाड्यांच्या तांत्रिक पत्रकात आयएसजीची ताकद २.३ किलोवॅट आणि टॉर्क ५० न्यूटन-मीटर असा दिलेला आहे. भारतातली व्यवस्था त्याच जातीची आहे, म्हणून हिशेबाला हाच आकडा धरू.

२.३ किलोवॅट म्हणजे साधारण तीन एचपी. भांडगावच्या शिवारात विहिरीवर बसवलेली लहान मोटर याच ताकदीची असते. आता एर्टिगाचं दीड लिटरचं के१५सी इंजिन पाहा. त्याची कमाल ताकद ७५.८ किलोवॅट, म्हणजे जवळपास १०० एचपी. ही ताकद मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर मिळते. १०० एचपीच्या शेजारी तीन एचपी.

इथेच विषय संपवून ‘हे सगळं फसवं आहे’ असं म्हणणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. पण इंजिन १०० एचपी देतं ते फक्त ६,००० फेऱ्यांवर, आणि तिथपर्यंत रोजच्या चालवण्यात कोणी जात नाही. सिग्नल सुटल्यावर गाडी हलते तेव्हा इंजिन १,००० ते १,५०० फेऱ्यांवर असतं. तिथे इंजिनाची ताकद कमालीच्या पाव भागाच्याही खाली असते. मोटरचं उलट आहे. इलेक्ट्रिक मोटर अगदी कमी फेऱ्यांवरच सर्वांत जास्त टॉर्क देते.

५० अधिक १३७ बरोबर १८७?

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. चाकाचा नट सैल करताना पान्यावर आपण जो जोर लावतो, तो टॉर्क. एर्टिगाच्या इंजिनाचा कमाल टॉर्क १३६.८ न्यूटन-मीटर आहे. आयएसजीचा ५० आहे. अनेक जण या दोन आकड्यांची बेरीज करून १८७ न्यूटन-मीटरची गाडी मिळाल्याचा आनंद मानतात.

ही बेरीज चुकते, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या वेळचे आहेत. इंजिनाचे १३६.८ मिळतात ४,४०० फेऱ्यांवर. मोटरचे ५० मिळतात मिनिटाला अवघ्या १०० फेऱ्यांवर, म्हणजे बंद इंजिन सुरू होण्याच्या क्षणी. तो ५० चा आकडा खरं तर इंजिन झटक्यात, आवाज न करता सुरू करण्यासाठी आहे. त्या क्षणी मोटरची ताकद केवळ अर्धा किलोवॅट असते.

फेऱ्या वाढतात तसा मोटरचा टॉर्क उतरतो. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. ताकद २.३ किलोवॅटवर बांधलेली असेल तर वेग वाढला की टॉर्क कमी होणारच. मोटर पूर्ण २.३ किलोवॅट देत राहिली असं धरलं, तरी १,००० फेऱ्यांवर तिचा वाटा साधारण २२ न्यूटन-मीटर निघतो. १,५०० वर १५ च्या आत येतो. २,५०० वर ९ उरतात. आणि इंजिन ज्या ४,४०० वर सर्वांत जोरात असतं, तिथे मोटरचे फक्त ५ न्यूटन-मीटर. म्हणजे १३६.८ च्या चार टक्केही नाहीत.

माहितीपत्रकातल्या ताकदीच्या आकड्यात मोटरची भर दिसत नाही, ती यामुळे. कमाल ताकदीच्या ठिकाणी मोटर जवळजवळ नसतेच. तिचं काम खालच्या फेऱ्यांत. गाडी हलवताना, दुसऱ्या गिअरमध्ये रांगेत सरकताना, गतिरोधकावरून उतरून पुन्हा वेग घेताना चालकाला जो हलकेपणा जाणवतो, त्यात तिचा वाटा असतो. तोही तेव्हाच, जेव्हा बॅटरीत साठा असेल.

बॅटरीत मावतं पाच-सहा चमचे पेट्रोल

या गाड्यांतली लिथियम-आयन बॅटरी १२ व्होल्टची, सुमारे ६ अँपिअर-अवरची आहे. म्हणजे तिच्यात मोजून ७२ वॅट-तास ऊर्जा मावते. घरातला पंखा एक तास चालेल एवढी. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ८,९०० वॅट-तास ऊर्जा असते. इंजिन त्यातली ३० टक्के कामाला लावतं असं धरलं, तर पूर्ण भरलेली ही बॅटरी २७ मिलिलिटर पेट्रोलच्या बरोबरीची ठरते. खोकल्याच्या औषधाच्या चमच्याने मोजलं तर पाच-सहा चमचे.

मोटर पूर्ण जोराने चालली तर ही बॅटरी दोन मिनिटांच्या आत रिकामी होईल. कंपनी तसं होऊ देत नाही. बॅटरी टिकावी म्हणून तिचा थोडाच भाग वापरला जातो. त्यामुळे मोटरची साथ काही सेकंदांच्या हप्त्यांत मिळते.

मग ही बॅटरी भरते कशी? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला किंवा ब्रेक दाबला की आयएसजी जनरेटर होतं आणि गाडीच्या वेगातली ऊर्जा परत घेतं. चार माणसांसह एर्टिगाचं वजन सुमारे १,४५० किलो धरू. ताशी ८० किलोमीटर वेगात तिच्यात जवळपास १०० वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे एकदा ८० वरून थांबताना अख्खी बॅटरी भरायला हवी. भरत नाही. दहा सेकंदांत थांबायचं तर सरासरी ३६ किलोवॅट वेगाने ऊर्जा बाहेर पडते आणि तीन एचपीचं यंत्र त्यातली दोन-अडीच किलोवॅटच उचलू शकतं. शंभरातले सहा-सात भाग परत येतात, बाकीचे ब्रेक तापवतात. सावकाश, लांबून पाय काढून गाडी थांबवणाऱ्याला यातून जास्त मिळतं. दाबून ब्रेक मारणाऱ्याच्या गाडीत ‘हायब्रिड’ निम्मं बंदच असतं म्हणा.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. साध्या गाडीत अल्टरनेटर बहुतेक वेळ इंजिनावर ओझं टाकून बॅटरी भरत असतो. माइल्ड हायब्रिडमध्ये हे काम शक्यतो उतारावर आणि ब्रेकच्या वेळी उरकलं जातं. हेडलाइट, एसीचा पंखा, म्युझिक सिस्टीम यांची वीज त्या साठ्यातून जाते आणि वेग घेताना इंजिनावरचं अल्टरनेटरचं ओझं निघतं. ढकलणाऱ्या मोटरइतकाच हा ओढ कमी करणारा भाग इंधन वाचवतो, पण मीटरवर त्याचा बाण दाखवत नाहीत.

भांडगाव ते हडपसर : कुठे फायदा, कुठे शून्य

सकाळी भांडगावहून निघालेली गाडी यवत, उरुळी कांचनपर्यंत मोकळी धावते. ताशी ७०-८० च्या एकसारख्या वेगात इंजिन स्वतःच्या सोयीच्या फेऱ्यांवर असतं. ब्रेक क्वचित लागतो, म्हणून बॅटरीत भर पडत नाही, आणि ढकलण्याची गरजही नसते. या टप्प्यात ‘हायब्रिड’ आणि साध्या गाडीत फरक शोधूनही सापडणार नाही.

फरक सुरू होतो लोणी काळभोर, मांजरी फाट्याच्या पुढे, जिथे वाहनं एकामागोमाग एक थांबतात. गिअर न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद होतं. क्लच दाबला की आयएसजी ते लगेच सुरू करतं. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन एसीसह नुसतं उभं असतानाही तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जाळतं. रोज जाऊन-येऊन अर्धा तास उभं राहावं लागलं आणि त्यातल्या निम्म्या वेळात इंजिन खरोखर बंद राहिलं, तर दिवसाला पाव लिटरच्या आत-बाहेर बचत होते. महिन्याच्या २५ दिवसांचं ते पाच-सहा लिटर. पेट्रोल शंभरीपार असताना महिन्याला पाचशे-सहाशे रुपये.

पण यालाही अटी आहेत. इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसर थांबतो, फक्त हवा येत राहते. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीतलं तापमान वाढलं की यंत्रणा इंजिन आपोआप सुरू करते, किंवा बंदच होऊ देत नाही. बॅटरी उतरलेली असेल, इंजिन अजून गरम झालेलं नसेल, चालकाचा सीटबेल्ट लावलेला नसेल तरी तेच. आणि अनेक चालक गाडीत बसल्या बसल्या ‘आयडल स्टॉप’ बंद करण्याचं बटण दाबतात, कारण सारखं बंद-चालू होणं त्यांना आवडत नाही. त्यांचा हक्क आहे. पण मग माइल्ड हायब्रिडच्या बचतीतला सर्वांत मोठा हिस्सा त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलेला असतो.

आता याच रस्त्यावरचा दुसरा प्रसंग. ऊसतोडणीच्या हंगामात पाटसच्या भीमा कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या महामार्गावर असतात. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं नाही. अशा ट्रॅक्टरला मागे टाकताना ६० वरून ८० वर जायचंय आणि चालकाच्या मनात आहे, की ‘हायब्रिड आहे, मोटर ढकलेल’. काय होतं?

या वेगबदलाला १,४५० किलोच्या गाडीला सुमारे १५७ किलोज्यूल ऊर्जा जास्तीची लागते. आठ सेकंदांत मोटरने पूर्ण जोर लावला तर तिच्याकडून १८ किलोज्यूल मिळतील. म्हणजे फार तर एखादा सेकंद वाचेल, तोही बॅटरी भरलेली असेल तर. आधीच्या दहा किलोमीटरमध्ये ब्रेक लागलेला नसेल, तर ती तितकी भरलेली असेलच असं नाही. उलट चालकाने पाचव्यावरून तिसऱ्या गिअरवर गाडी घेतली तर इंजिन वरच्या फेऱ्यांवर जाऊन मोटरच्या कित्येक पट जास्त ताकद मोकळी करतं. ओव्हरटेकला गिअर उतरवणं हाच उपाय आहे. मीटरवरच्या बाणावर विसंबून पाचव्यातच पाय दाबत राहणं धोक्याचं.

चढाचंही तसंच. यवतजवळून भुलेश्वरच्या डोंगरावर गाडी चढवताना, समजा १०० मीटरला ८ मीटरचा चढ असेल आणि वेग ताशी ३० असेल, तर नुसतं वजन वर उचलायलाच साडेनऊ किलोवॅट लागतात. मोटर त्यातला पाव हिस्सा देऊ शकेल, पण मिनिटभर. पुढचा सगळा घाट इंजिनाचा. उतरताना मात्र बॅटरी काठोकाठ भरते आणि मग मीटरवर चार्जिंगचा बाण थांबतो, कारण पुढची ऊर्जा ठेवायला जागाच नसते.

ब्रेझाने दाखवलेला फरक

माइल्ड हायब्रिड असण्या-नसण्याने किती फरक पडतो, याचं उत्तर कंपनीनेच नकळत देऊन ठेवलंय. २०२२ मध्ये नवी ब्रेझा आली तेव्हा मॅन्युअल गिअरच्या गाडीलाही ही व्यवस्था होती आणि प्रमाणित मायलेज लिटरला २०.१५ किलोमीटर होतं. जुलै २०२३ मध्ये मॅन्युअल गाड्यांतून ती काढून टाकली. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पण मायलेज १७.३८ वर आलं. पुढे वरच्या मॅन्युअल मॉडेलमध्ये ती परत आली आणि आकडा १९.८९ झाला.

१७.३८ आणि १९.८९ मधला फरक १०० किलोमीटरला जवळपास पाऊण लिटरचा आहे. तीन एचपीच्या यंत्राच्या मानाने हा मोठा आकडा झाला. पण तो चाचणीतला आहे हे विसरून चालणार नाही. पुण्यातली एआरएआय ही संस्था ज्या ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’नुसार गाड्या तपासते, ती चाचणी १,१८० सेकंदांची असते. त्यात बराचसा भाग शहरातल्या थांबत-थांबत चालण्याचा आहे आणि जवळपास पाव वेळ गाडी उभीच असते. उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवणाऱ्या यंत्रणेला ही परीक्षा सोपी जाणारच. ज्याचा रोजचा प्रवास या परीक्षेसारखा आहे त्याला हा फरक दिसेल. भांडगावहून थेट सोलापूर, अक्कलकोट करणाऱ्याला त्यातला थोडाच दिसेल.

चाकणमध्ये बनणारी २० एचपीची मोटर

माइल्ड हायब्रिडची मोटर कायम एवढीच लहान असते असं नाही. पुणे जिल्ह्यातच, चाकणच्या कारखान्यात मर्सिडीज-बेंझची सी-क्लास जोडली जाते. २०२२ पासूनच्या या गाडीतली व्यवस्था ४८ व्होल्टची आहे. सी २०० मधलं दीड लिटरचं टर्बो इंजिन २०४ एचपीचं आहे आणि आयएसजी त्याला थोड्या वेळासाठी सुमारे २० एचपी आणि २०० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्कची जोड देतं. एर्टिगातल्या मोटरच्या साडेसहा पट. शिवाय ती पट्ट्यावर नाही, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवलेली आहे. त्यामुळे पट्टा घसरण्याची मर्यादा तिला नाही. टर्बोला हवा भरायला जो क्षणभर वेळ लागतो, ती पोकळी ही मोटर भरून काढते.

१२ वरून ४८ व्होल्टवर गेल्याने एवढं काय होतं? ताकद म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. २.३ किलोवॅटसाठी १२ व्होल्टला १९० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो, ४८ व्होल्टला ४८ अँपिअर पुरतात. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे प्रवाह चौथाई झाला की तीच तार सोळापट कमी तापते. म्हणून १२ व्होल्टवर मोठी मोटर चालवणं परवडत नाही. ४८ च का, याचंही कारण आहे. ६० व्होल्टच्या वर ‘हाय व्होल्टेज’चे सुरक्षा नियम लागू होतात, नारिंगी तारा आणि जास्तीची संरक्षक व्यवस्था लागते. ४८ त्याच्या आत बसतं. एमजीने २०१९ मध्ये हेक्टर पेट्रोलमध्ये ४८ व्होल्टची व्यवस्था दिली होती, तिचा हातभार २० न्यूटन-मीटरपर्यंतचा होता.

आणि ‘स्ट्राँग हायब्रिड’ हे निराळंच प्रकरण आहे. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर ८० पीएसची आहे आणि इंजिन ९२ पीएसचं. ती गाडी कमी वेगात खरोखर फक्त विजेवर चालते. तिथेही बेरीज १७२ होत नाही, एकत्रित ताकद ११५.५६ पीएस आहे, कारण छोटी बॅटरी मोटरला एका वेळी पूर्ण ८० पीएसची वीज देऊ शकत नाही. तिचं प्रमाणित मायलेज २७.९७ आणि त्याच गाडीच्या माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचं २१.११. शोरूममध्ये दोन्ही गाड्या ‘हायब्रिड’ याच शब्दाने विकल्या जातात, गोंधळ तिथून सुरू होतो.

पुण्याचा या विषयाशी संबंध चाकणपुरता नाही. २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जच्या साथीने ‘रेव्होलो’ नावाची जोडणी दाखवली होती. रस्त्यावरच्या जुन्या पेट्रोल गाडीलाच मोटर आणि बॅटरी बसवून ती हायब्रिड करायची, असा तो विचार होता आणि इंधनात ४० टक्क्यांहून जास्त सुधारणा होते असा कंपनीचा दावा होता. घरोघरच्या गाड्यांत ती जोडणी आली नाही. आज जुन्या गाडीच्या बाजारात ‘नंतर हायब्रिड करून घेऊ’ असं कोणी सांगत असेल, तर तसं सर्रास मिळणारं किट नाही एवढं ध्यानात असलेलं बरं.

सवलत होती, ती गेली

एप्रिल २०१५ मध्ये केंद्राची ‘फेम’ योजना सुरू झाली तेव्हा माइल्ड हायब्रिडलाही अनुदान मिळत होतं. सियाझ आणि एर्टिगाच्या डिझेल एसएचव्हीएसला गाडीमागे १३ हजार रुपयांची सवलत होती. दोन वर्षांनी, १ एप्रिल २०१७ पासून सरकारने माइल्ड हायब्रिडला योजनेतून वगळलं. पैसा खऱ्या विजेच्या गाड्यांकडे वळावा, असा त्यामागचा विचार. वरच्या गणिताकडे पाहता तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

आजही कायद्याच्या लेखी ही पेट्रोल गाडीच आहे. नंबरप्लेट पांढरी, हिरवी नाही. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आहे. चार मीटरहून लांब किंवा १,२०० सीसीहून मोठ्या पेट्रोल गाडीला, मग ती हायब्रिड असो वा नसो, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. एर्टिगाची लांबी चार मीटरहून जास्त असल्याने ती याच गटात येते. राज्यात विजेच्या गाड्यांना ज्या सवलती मिळतात, त्यावर माइल्ड हायब्रिडच्या मालकाला दावा करता येत नाही. विकणारा तसं सांगत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागावं.

जुनी ‘हायब्रिड’ घेताना काय बघाल?

पहिलं, वर्ष बघा. २०१५ ते २०१८ मधल्या डिझेल एसएचव्हीएस गाड्यांत लिथियम बॅटरी नव्हती, जास्त क्षमतेची एकच लेड-ॲसिड बॅटरी होती. ती बदलताना अनेकांनी साधी, स्वस्त बॅटरी टाकलेली असते. गाडी चालते, पण आयडल स्टॉप कधी होतं, कधी होत नाही. नंतरच्या पेट्रोल गाड्यांत लिथियम बॅटरी पुढच्या सीटखाली असते. तिची किंमत साध्या बॅटरीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, म्हणून सौदा ठरण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गाडी नेऊन बॅटरीची तपासणी करून घ्यावी आणि नव्या बॅटरीचा दर तिथेच विचारावा.

घरच्या घरी करायची परीक्षाही आहे. गाडी १५-२० मिनिटं चालवून गरम होऊ द्या, एसी बंद करा, सीटबेल्ट लावा आणि मोकळ्या जागी थांबून न्यूट्रल करून क्लच सोडा. इंजिन बंद झालं पाहिजे. क्लच दाबल्यावर ते ‘खर्रर्र’ असा स्टार्टरचा आवाज न करता सुरू झालं पाहिजे. सकाळचा पहिला स्टार्ट साध्या स्टार्टरनेच होतो, त्यामुळे तो आवाज आला तर घाबरायचं कारण नाही. पण गरम गाडीत पाच वेळा प्रयत्न करूनही इंजिन एकदाही बंद झालं नाही, तर बिल्ल्याचे पैसे देऊ नका.

दुसरा भाग पट्ट्याचा. साध्या गाडीत पट्टा एकाच बाजूने ओढला जातो. इथे चार्ज करताना एका बाजूने आणि ढकलताना दुसऱ्या बाजूने ताण येतो, म्हणून पट्टा आणि त्याचा टेन्शनर दोन्ही खास असतात. गाडी हलवताना किंवा इंजिन पुन्हा सुरू होताना चिरका आवाज येत असेल तर हे दोन भाग आधी बघायला सांगा. स्वस्तातला साधा पट्टा टाकून दिलेली गाडी चालते, आवाजही काही दिवस बंद होतो. मग एखाद्या पावसाळी सकाळी मांजरी फाट्याच्या रांगेत क्लच दाबला जातो, पट्टा घसरतो आणि मागची वाहनं हॉर्न वाजवायला लागतात. तेव्हा किल्ली बंद करून पुन्हा फिरवायची. साधा स्टार्टर गाडी सुरू करून देतो.